१९९ ची ऑडिओ सिरीज घेतली, अमेरिकेतल्या थकबाकीदारांच्या बंडावरची. पैसे वसूल, पण तक्रारी आहेत

आधीच सांगतो, मी काही इतिहासवाला नाही, मी विकास सोसायटीचा गटसचिव आहे, अमळनेर तालुक्यात तीन गावं माझ्याकडे आहेत, म्हणजे दिवसभर काम काय तर पीककर्जाच्या फाइली, सातबाऱ्यावर बोजा, मार्च आला की वसुली आणि वसुली नाही झाली की सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुलीच्या केसेस. कानात नेकबँड असतो, गावोगाव गाडीवर फिरताना काहीतरी ऐकत असतो. भाचा एमपीएससी करतोय, त्याने ही सिरीज सांगितली, म्हणे मामा तुमच्या धंद्याची आहे. ॲपचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं वाईट बोलणार आहे. आठ भाग आहेत, एकेक अर्ध्या तासाचा, १९९ रुपये, मराठीत.

विषय असा की १७८६-८७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन कोर्टं बंद पाडली. त्याला शेज् बंड म्हणतात, डॅनियल शेज् नावाच्या माणसावरून. मला आधी वाटलं अमेरिकेत कसले आलेत थकबाकीदार, तिथं तर सगळे ट्रॅक्टरवाले. पण दुसरा भाग ऐकताना चोपड्याच्या रस्त्याला गाडी साइडला लावून ऐकला, खोटं नाही सांगत.

त्या दुसऱ्या भागासाठीच ही सिरीज घ्या. त्यात उधारीची साखळी सांगितलीय. अमेरिकेची इंग्रजांशी स्वातंत्र्याची लढाई १७८३ ला संपली, मग लंडनच्या व्यापाऱ्यांनी बोस्टनच्या व्यापाऱ्यांना सांगितलं की आता उधार बंद, चांदीची नाणी टाका. बोस्टनवाल्यांनी खेड्यातल्या दुकानदाराला धरलं, दुकानदाराने शेतकऱ्याला. आणि शेतकऱ्याकडे नाणं नावाची गोष्टच नव्हती, त्याचा सगळा व्यवहार धान्य द्या, लाकूड द्या, दोन दिवस कामाला या असा, वहीत लिहून ठेवायचं आणि वर्षाकाठी वळतं करायचं. आपल्याकडे आजोबांच्या काळात दादर, म्हणजे ज्वारी, देऊन किराणा आणायचे तसं. आता अचानक दुकानदार म्हणतो दादर नको, रोकडा दे. बरं सरकारचा टॅक्स पण रोकडाच पाहिजे, कारण राज्याने युद्धात काढलेलं कर्ज फेडायचं होतं. कागदी नोटा छापा म्हणून लोकांनी अर्ज केले तर राज्याने नकार दिला, शेजारच्या ऱ्होड आयलंडने १७८६ ला छापल्या पण इथं नाही.

आणि आता खरी गंमत, गंमत कसली, ऐकून मी दोनदा मागे घेतलं. हे जे शेतकरी होते त्यातले बरेच जण युद्धात लढून आलेले. त्यांना पगार रोख मिळालाच नव्हता, कागद मिळाले होते, सरकार नंतर देईल असे. घरी आल्यावर अडचण, मग ते कागद मिळेल त्या भावात विकून टाकले, आणि ते घेतले कोणी तर पैसेवाल्यांनी, शंभराचा कागद किरकोळीत. मग राज्याने ठरवलं की या कागदांचं देणं पूर्ण द्यायचं, त्यासाठी टॅक्स लावायचा. म्हणजे ज्याने लढून कागद मिळवला आणि मातीमोल विकला त्याच्याकडूनच टॅक्स घेऊन ज्याने स्वस्तात घेतला त्याला द्यायचे. दिवाळीत खेडा खरेदीवाल्याला कापूस देऊन बसलेल्या आणि फेब्रुवारीत भाव बघणाऱ्या माणसाला हे समजवून सांगायची गरज नाही.

हा भाग मी आमच्या शेजारच्या आबांना ऐकवला, ओट्यावर छोटा स्पीकर लावून. आबा ७५ च्या पुढचे, कर्जमाफ्या पाहिलेले, एकीत नाव आलं एकीत नाही आलं. ते पूर्ण ऐकून अहिराणीत म्हणाले, "भाऊ, ही ते आपलाच गावनी गोट शे."

तिसरा भाग कोर्टाचा. इथं मला धंद्यामुळे जास्त मजा आली. लोकांनी आधी काय केलं तर गावोगाव मीटिंगा घेतल्या, अर्ज पाठवले. ऑगस्ट १७८६ मध्ये हॅटफिल्डला मोठी सभा झाली, त्याच महिन्यात २९ तारखेला नॉर्थॅम्प्टनला हजार-दीड हजार माणसं कोर्टासमोर जाऊन उभी राहिली आणि जज्जला बसूच दिलं नाही. मग वूस्टर, काँकर्ड, टाँटन, ग्रेट बॅरिंग्टन, सगळीकडे तेच. दुकानदाराचं घर नाही जाळलं, सावकाराला नाही मारलं, फक्त तारीखच पडू द्यायची नाही. कोर्ट बसलं नाही तर हुकूम नाही, हुकूम नाही तर जप्ती नाही, जप्ती नाही तर बैल आपल्याच गोठ्यात. मी इतक्या फाइली वर पाठवल्या, पण थकबाकीदार एवढा बारकाईने प्रोसिजर समजून वागतोय असं कधी पाहिलं नाही. ते स्वतःला बंडखोर म्हणतच नव्हते, रेग्युलेटर म्हणायचे, म्हणजे सरकारला वळण लावणारे. टोपीत हेमलॉक झाडाची हिरवी डहाळी खोचायचे, आणि सरकारच्या बाजूचे टोपीत पांढऱ्या कागदाचा तुकडा. हे चित्र डोळ्यासमोरून जात नाही, एकाच गावचे लोक, एकाच्या टोपीत पाला आणि एकाच्या टोपीत कागद.

आता तक्रारी.

पहिली, उच्चार. मॅसॅच्युसेट्स हा शब्द निवेदकाने चार प्रकारे म्हटलाय, एका भागात तर मसाच्युसेट, मसाल्यासारखं. मागे ढोल वाजतात ते इतके मोठे की गाडीवर काही ऐकू येत नाही. शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला, कोतवाल म्हणतो, आमच्या गावचा कोतवाल ऐकेल तर हसून मरेल, त्याच्याकडे दवंडी आणि तलाठ्याच्या नोटिसा, बंदूक कुठली.

दुसरी, सिरीजच्या फोटोवर फाशीचा दोर आणि खाली शेज् चा चेहरा. अरे त्याला फाशी झालीच नाही! तो व्हर्माँटला पळून गेला, १७८८ ला माफी मिळाली, १८२५ ला न्यूयॉर्क राज्यात म्हातारा होऊन मेला. फाशी झाली ती जॉन ब्लाय आणि चार्ल्स रोज या दोघांना, डिसेंबर १७८७, लेनॉक्स गावात, आणि त्यांची नावं सिरीजमध्ये एकदाच येतात तीही घाईघाईत. फाशीची शिक्षा अठरा जणांना सुनावली होती, बाकीचे सुटले. सुमारे चार हजार लोकांनी चूक झाली असं लिहून देऊन माफी घेतली. फोटो बनवणाऱ्याने आठवा भाग तरी ऐकायचा.

तिसरी तक्रार मोठी आहे. लढाईला तीन भाग दिलेत. मान्य आहे, ऐकायला जोरदार आहे, स्प्रिंगफील्डचा शस्त्रसाठा ताब्यात घ्यायला हे लोक २५ जानेवारी १७८७ ला बर्फात चालत निघाले, तिघांनी तीन बाजूंनी यायचं होतं, त्यात ल्यूक डे नावाच्या गड्याने चिठ्ठी पाठवली की मला आज जमत नाही उद्या येतो, आणि ती चिठ्ठी सापडली कोणाला तर समोरच्या जनरल शेपर्डला. म्हणजे मेसेज चुकीच्या ग्रुपवर गेल्यासारखं झालं. शेपर्डने आधी डोक्यावरून तोफ उडवली, मग सरळ माणसांत. चार जण मेले, वीसेक जखमी, आणि आलेल्यांकडून एकही गोळी सुटली नाही. इथपर्यंत ठीक. पण त्यापुढे सरकारच्या बाजूच्या बेंजामिन लिंकन नावाच्या जनरलची फौज (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो लिंकन वेगळा), ३ फेब्रुवारीच्या रात्री बर्फाच्या वादळात हॅडलीहून पीटरशॅमपर्यंत तीस मैलांची चाल, सकाळी नाश्त्याच्या वेळी धाड, याला पूर्ण एक भाग. आणि त्या फौजेचा खर्च कोणी केला हे मात्र एका वाक्यात! सरकारच्या तिजोरीत फौजेला पैसे नव्हते, बोस्टनच्या सव्वाशेवर व्यापाऱ्यांनी वर्गणी करून सहा हजार पौंडांच्या आसपास जमा केले. अहो हाच तर भाग आहे ना, ज्याची उधारी त्याचीच फौज. देशाची मध्यवर्ती काँग्रेस, म्हणजे सगळ्या राज्यांची मिळून सभा, होती पण तिला टॅक्स लावायचा अधिकार नाही, पैसा नाही, त्यामुळे तिच्याच्याने फौज उभी होईना. हे मला भाच्याने नंतर सांगितलं, सिरीजने नाही.

शेवटच्या भागात पण तीच घाई. बंड मोडलं, पण १७८७ च्या निवडणुकीत तो कडक वसुलीवाला गव्हर्नर बाउडिन सपशेल पडला आणि हँकॉक आला, टॅक्स कमी झाला, कर्जदारांना थोडी मुदत मिळाली. हे सांगितलंय, छान. मग लगेच म्हणे या बंडाने घाबरून मोठे लोक मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमले, वॉशिंग्टनसुद्धा निवृत्ती सोडून आला आणि राज्यघटना झाली, जय हो, संगीत, समाप्त. पॅरिसमध्ये बसलेला अमेरिकेचा राजदूत जेफरसन म्हणत होता की असं थोडंफार बंड अधूनमधून बरं असतं, ते पण टाकलंय. पण त्या घटनेत थकबाकीदारासाठी काय लिहिलंय ते नाही सांगितलं. त्यात असं आहे की यापुढे कोणत्याही राज्याने आपल्या नोटा छापायच्या नाहीत, सोन्या-चांदीशिवाय दुसरं काही देणं फेडायला चालवायचं नाही, आणि झालेला करार ढिला करणारा कायदा करायचा नाही. म्हणजे ज्या दोन वाटा हे लोक मागत होते, कागदी नोटा आणि कर्जफेडीत सवलत, त्या दोन्ही कायमच्या बंद. मी सोसायटीवाला माणूस, मला पीटरशॅमच्या बर्फापेक्षा हे कलम ऐकायचं होतं. अर्धा तास द्यायचा होता याला.

आणि एक आपली तुलना मनात आली म्हणून लिहितो. आपल्याकडे १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांचे खत-रोखे ओढून काढून जाळले, ते पण कापसाचा भाव पडल्यावर, आणि तो भाव चढला होता अमेरिकेतल्याच यादवी युद्धामुळे. १८७९ ला त्यावर कायदा आला. तिकडे कोर्ट बंद, इकडे कागदच जाळून टाका. दोघांनाही कळलं होतं की दुखणं कागदात आहे. आणि आपल्या खानदेशात तर त्याच्याही आधी १८५२ ला सावदा, फैजपूर, एरंडोलकडे इंग्रजांच्या मोजणीवरून शेतकरी उठले होते, त्यावर कोणी अशी सिरीज काढेल तर मी ३९९ देईन. पण ढोल कमी ठेवा.

ॲपबद्दल थोडक्यात. डाउनलोड होतं पण पाचवा भाग नाही होत, आमच्याकडे नदीच्या पट्ट्यात रेंज जाते मग लढाई ऐन मध्यात बंद. कस्टमर केअरला लिहिलं तर इंग्रजीत उत्तर आलं की ॲप अपडेट करा. केलं. अजून नाही होत. पैसे परत मागितले नाहीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचे म्हणून समजा दिले.

पाचपैकी साडेतीन स्टार. ज्यांना फक्त मारामारी आवडते त्यांच्यासाठी साडेचार.

सहाव्या भागातलं एक राहिलं. या शेज् ला युद्धात लाफायेत नावाच्या फ्रेंच जनरलने मानाची तलवार दिली होती, बंकर हिल, साराटोगा अशा लढाया लढलेला कॅप्टन होता तो, आणि घरी आल्यावर देणी फेडायला त्याने ती तलवार विकून टाकली असं सांगतात. हे ओट्यावर वाजत होतं, आबांनी हात वर केला, थांबव म्हणाले. मी बंद केलं.

"इकी का गहान ठेई?"

मी म्हटलं आबा, विकली.

"मंग बरं. गहान ठेवती ते याज चढतं."

पुढचं लावायला गेलो तर स्पीकरची बॅटरी संपली होती, उरलेलं आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकलं.