जुनं कापड बघायचं तर अहमदाबाद की महेश्वर?

कापूस आपल्या वावरात पिकतो, वेचून जिनिंगला जातो आणि पुढे त्याचं काय होतं ते आपण बघतच नाही. म्हणून खानदेशातलं कुणी कापड बघायला निघालं की मला मनापासून आनंद होतो. दोनच दिवस हाताशी असतील तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम, म्हणजे कापडाचं संग्रहालय, की मध्य प्रदेशातलं नर्मदाकाठचं साड्यांचं गाव महेश्वर, हे आधी ठरवायला हवं.

अहमदाबादला जळगाव-नंदुरबारहून सुरतमार्गे थेट गाडी आहे. ही वाट मुळात कापडाचीच. सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरची तलम मलमल सुरत बंदरात जायची, तिथून इराण-तुर्कस्तानात. 1949 साली साराभाई कुटुंबाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात समुद्रापार जाण्यासाठी विणलेलं कापडही आहे. पाटणचा पटोला इंडोनेशियात जायचा. त्याचे उभे-आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवतात, मग मागावर प्रत्येक रंग नेमक्या जागी आणून बसवायचा. त्याच्यासमोर कितीही वेळ उभं राहावंसं वाटतं, पण गटाबरोबर पुढे सरकावं लागतं. नाव आधी नोंदवावं लागतं, बुधवारी बंद, फोटो काढू देत नाहीत आणि लहान मुलांना प्रवेश नाही. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्याच.

महेश्वरला धुळे-शिरपूर-सेंधव्यावरून आग्रा रोडने धामनोद गाठायचं, तिथून गाव जवळच. अहिल्याबाईंनी इथे विणकर आणून वसवले. त्यांच्या किल्ल्याच्या आवारात रेहवा संस्थेच्या मागांवर आजही बाया विणतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची खटखट आधी कानावर येते, कापड मागाहून दिसतं. काठांवर किल्ल्याच्या दगडातली नक्षी आणि नर्मदेची लहर, पदरावर पाच पट्टे. काही काठ दोन्ही बाजूंनी सारखे, साडी उलटीसुलटी कशीही नेसा. जुन्या कापडाचा मोठा संग्रह मात्र इथे शोधू नका.

आई, सासूबाई, मुलं सोबत असतील तर महेश्वरच. घाटावर बसता येतं, विणणारीला प्रश्न विचारता येतात. विणकाम-रंगकाम शिकणाऱ्याला अहमदाबादला पर्याय नाही, पण त्यानेही आधी महेश्वर करावं असं माझं ठाम मत आहे. धागा ताणलेला बघितल्याशिवाय काचेआडच्या पटोल्यातली मेहनत उमगत नाही. मी उलट क्रमाने गेले आणि अहमदाबादला पुन्हा जावं लागलं.

घरात आजीचं लुगडं जपून ठेवलेलं असेल तर महेश्वरला ते सोबत न्या आणि विणणाऱ्या बाईंना त्याचा काठ दाखवा.