सुरक्षा प्रशिक्षण ऑनलाइन झाले, त्याला आठ महिने झाले: एका पर्यवेक्षिकेचा अनुभव

आमच्या देखभाल विभागात चाळीस माणसे तीन पाळ्यांमध्ये काम करतात आणि त्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आठ महिन्यांपूर्वी वर्षातून एकदा होणारे दिवसभराचे व्याख्यान बंद झाले आणि त्याच्या जागी ऑनलाइन अभ्यासक्रम आला. तेव्हापासून प्रत्येक धडा मी स्वतः पूर्ण केला आहे.

आधी जमेची बाजू. धडे दहा-बारा मिनिटांचे आहेत, मागे जाऊन पुन्हा पाहता येतात आणि रात्रपाळीच्या माणसाला झोप मोडून सकाळच्या व्याख्यानाला यावे लागत नाही. आवाजाचा धडा तर मला फार आवडला. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाजात 8 तास काम करता येते आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे उरतात, हे त्यात आवाज ऐकवून आणि घड्याळ दाखवून समजावले आहे. वर्षानुवर्षे इअरप्लग खिशात ठेवून ग्राइंडिंग करणारी माणसे त्यानंतर ते कानात घालू लागली. रसायनांच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे 16 विभाग असतात, त्यात प्रथमोपचार चौथ्या विभागात आणि हातमोजे, गॉगल वगैरे आठव्या विभागात सापडतात, हेही आता बहुतेकांना न विचारता माहीत असते.

बंदिस्त जागेच्या धड्याचे मोल मात्र आकड्यांत सांगता येणार नाही. लोखंडी टाकी बराच काळ बंद राहिली की आतला गंज हवेतला ऑक्सिजन शोषत राहतो, टाकीत कसलाही विषारी वायू नसला तरी माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो, हे त्यात सावकाश सांगितले आहे. पाचव्या महिन्यात आमच्याकडच्या एका नवख्या मुलाने, ऑक्सिजन मोजून 19.5 टक्क्यांच्या वर असल्याची नोंद आत उतरण्याच्या परवान्यावर दिसत नाही म्हणून, रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरायला नकार दिला. सोबतचे अनुभवी फिटर वैतागले होते, पण मोजणी होईपर्यंत काम थांबले आणि ते थांबायलाच हवे होते.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही. दुरुस्ती चालू असताना यंत्र कोणी सुरू करू नये म्हणून आधी कुलूप आणि टॅग लावण्याच्या धड्यात पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या एका कारागिराने महिन्याभरात प्रेसचा मुख्य वीजपुरवठा बंद केला, कुलूप लावले, टॅगवर नाव लिहिले आणि सिलिंडरमधली दाबाची हवा सोडायची विसरला. पट्टी सरकली तेव्हा त्याचा हात सुदैवाने बाहेर होता. साठून राहिलेल्या ऊर्जेबद्दलचा प्रश्न चाचणीत होता आणि त्याने तो बरोबर सोडवला होता. पण पडद्यावरच्या यंत्राला एकच मोठा लाल स्विच होता. आमच्या प्रेसचा हवेचा व्हॉल्व्ह मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आहे. चार पर्यायांतून उत्तर ओळखणे आणि वाकून तो व्हॉल्व्ह फिरवणे यांतले अंतर अभ्यासक्रम भरून काढत नाही. अग्निशामकाचेही तसेच आहे: पिन काढण्याचे चित्र सगळ्यांनी पाहिले होते, पण सरावाच्या वेळी निम्म्यांनी पिन ओढताना मूठही दाबून धरली, त्यामुळे पिन अडकून बसली.

शिवाय चाचणी कितीही वेळा देता येते आणि प्रश्न तेच असतात. तिसऱ्या प्रयत्नात कोणीही उत्तीर्ण होतो, म्हणून गुणांच्या तक्त्यावर विसंबणे मी सोडून दिले. भाषांतरही काही ठिकाणी इतके पुस्तकी आहे की रोज वापरातल्या पान्याचे नावसुद्धा माणसे ओळखत नाहीत.

पहिले दोन महिने हे धडे घरी, स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या डेटावर पूर्ण करायला सांगितले जात होते. मला ते अन्यायाचे वाटले. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 व्या करारात स्पष्ट म्हटले आहे. हे लेखी मांडल्यावर पाळीच्या सुरुवातीची वीस मिनिटे आणि दोन टॅब मिळाले. त्यानंतर धडे भरभर पुढे ढकलण्याचे प्रमाणही बरेच कमी झाले, कारण दिवसभर राबून आलेला माणूस घरी ते लक्ष देऊन पाहील ही अपेक्षाच चुकीची होती.

वर्गणीचे नूतनीकरण करावे असे मी कळवले आहे, पण एका अटीवर: आमच्या यंत्रांची छायाचित्रे धड्यांत घालण्याची सोय मिळाली पाहिजे. तोपर्यंत कुलूप-टॅगचे प्रमाणपत्र संगणकाने दिले तरी माझ्या नोंदवहीत सही होत नाही; आधी त्या माणसाने माझ्यासमोर प्रेस बंद करायची, हवा सोडायची आणि दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याचे दाखवायचे. चाळीसपैकी एकतीस जणांचे हे झाले आहे. उरलेल्या नऊ जणांना अद्याप प्रेसच्या दुरुस्तीवर पाठवलेले नाही.