गेममधला माणूस हाताने काढायचा, की हाडं बसवून हलवायचा?

माझी भाची गेम बनवतेय. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस, अंगात पांढरी बाराबंदी, दोन्ही बाजूंना गर्दी. काठी डावीकडे झुकली की बोट उजवीकडे ओढायचं आणि तोल सांभाळत पुढे जायचं. एवढाच गेम, मोबाइलवरचा. सोलापूरच्या माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही. खरा प्रश्न तिने चहा संपल्यावर काढला. "मामा, माणूस फ्रेम-फ्रेम हाताने काढू, का तुकडे करून रिग करू, म्हणजे आत हाडं बसवून हलवू? सांगा की."

मी काही गेमवाला नाही. चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढतो. पण हाताने काढलेलं चित्र यंत्रावर चढवताना कुठे अडतं, हे रोजचं काम आहे. म्हणून तिच्यासोबत बसून चार रस्ते तपासले. तुमच्या घरातही असं चित्रवेडं पोर असेल तर उपयोग होईल.

आधी हाताने काढण्याचं. हा विषय निघाला की सगळे 'कपहेड'चं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. २०१७ साली आलेल्या या कॅनेडियन गेममध्ये पात्रं कागदावर पेन्सिलने काढली, शाई कागदावरच केली, मागची दृश्यं जलरंगात रंगवली. पात्रांचे रंग तेवढे कॉम्प्युटरवर भरले. त्यासाठी गेम बनवणाऱ्या मोल्डनहावर बंधूंनी घरं गहाण टाकली होती. गेम तुफान चालला म्हणून ही गोष्ट आपल्याला गोड वाटते. घर गहाण टाकून ज्यांचा गेम चालला नाही, त्यांची मुलाखत घ्यायला कोणी जात नाही.

खर्चाचा खरा अंदाज 'स्कलगर्ल्स'वरून येतो. हा हाताने काढलेला मारामारीचा गेम. २०१३ मध्ये त्यांनी एका, फक्त एका नव्या पात्रासाठी लोकांकडे दीड लाख डॉलर मागितले आणि हिशोब उघड मांडला. त्यात अॅनिमेशन आणि क्लीनअप (कच्च्या रेषा साफ करणं) यांचं बाहेर दिलेलं काम ३०,००० डॉलरचं होतं. बाकी पगार, आवाज, तपासणी, फी यांत जाणार होते. एका पात्राला एवढे कशाला, म्हणून लोक बोलले. पण पैसे जमले, मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता आमचा हिशोब. भाचीने हालचालींची यादी केली: चालणं, थबकणं, दोन्हीकडे झोक जाणं, सावरणं, पडणं वगैरे अकरा. मिळून साधारण ११० चित्रं. एक चित्र रेषेपासून रंगापर्यंत पूर्ण व्हायला तिला ५० मिनिटं लागतात. म्हणजे सुमारे ९२ तास. रोज तीन तास बसली तर महिनाभर. ऐकायला अवघड वाटत नाही ना? मलाही वाटलं नाही.

अडचण पुढे आहे. गेममध्ये काहीही पक्कं नसतं. सिनेमात शॉट एकदा ठरला की ठरला. गेममध्ये खेळून बघितल्यावर कळतं की काठी आखूड हवी होती, माणूस थोडा वाकलेला बरा दिसला असता. मग ११० पैकी ८० चित्रं पुन्हा. जेकार्डचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाचं, काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. ग्राफवर मोराची मान दोन घरं सरकवली, की तेवढी कार्डं पुन्हा पंच करावी लागायची. मालक म्हणायचा, "एवढंसं तर बदलायचंय!" ते एवढंसं करण्यात दिवस जायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. हाताच्या अॅनिमेशनमध्ये बहुधा सेकंदाला १२ चित्रं धरतात, म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे ८३ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. उडी मारण्याआधी माणूस गुडघे वाकवतो, ती तयारी सिनेमात तीन चित्रांत दाखवली तर छान दिसते. गेममध्ये त्याच तीन चित्रांत पाव सेकंद जातो. खेळणारा म्हणतो, बोट दाबलं तरी ऐकत नाही. म्हणून गेमवाले तयारीची चित्रं कापतात, थेट मुख्य पवित्र्यावर जातात आणि सगळी मेहनत नंतरच्या चित्रांवर घालतात: कापड उशिरा थांबतं, शरीर हेलकावतं. सिनेमाचं अॅनिमेशन शिकलेल्यांना ही सवय मोडायला वेळ लागतो.

तिसरी, मोबाइलची जागा. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं एक रंगीत चित्र उघडं केलं की मेमरीत एक एमबी खातं. ११० चित्रं म्हणजे ११० एमबी. आकार दुप्पट केला तर चौपट, ४४० एमबी. कॉम्प्रेशनने ते चौथाईवर येतं, तरीही एकाच माणसापायी एवढं. स्वस्तातल्या फोनवर हे जड जातं, आणि आपल्याकडे खेळणारे बहुतेक त्याच फोनवर असतात.

एवढं असूनही हाताने का काढायचं? कारण वजन. काठी झुकते तेव्हा माणसाचा फक्त खांदा फिरत नाही. पोट आत जातं, एक टाच उचलली जाते, बाराबंदीच्या चुण्या दुसऱ्याच दिशेला ताणल्या जातात, चेहरा आवळतो. चित्रकार प्रत्येक चित्रात शरीर नव्याने मांडतो, हवं तर हात बेताल लांब करतो, एका चित्रापुरता मोडतो. डोळ्याला ते कळत नाही, अंगाला कळतं. भाचीने सावरण्याची सहा चित्रं नुसती पेन्सिलने काढून दाखवली, तेव्हा माझाच तोल गेल्यासारखं झालं.

आता रिग. माणसाचे तुकडे करायचे: डोकं, दंड, मनगट, धड, मांड्या. आत हाडं बसवायची आणि हाडं फिरवली की चित्र हलतं. आपल्या कळसूत्री बाहुलीचं लांबचं भावंड. २०११ चा 'रेमन ओरिजिन्स' याच पद्धतीने उभा राहिला, आणि तो बघताना कोणाला तक्रार करावीशी वाटली नाही. फायदे रोख आहेत. चित्रं कमी, मेमरी कमी, बदल मिनिटांत. पात्राचा फेटा बदलायचा तर एक तुकडा बदलायचा. हाताने काढलेल्या पात्राचा फेटा बदलायचा तर ११० फेटे.

तोटा एकच, पण मोठा. मधल्या फ्रेम कॉम्प्युटर स्वतः भरतो, म्हणून सगळं गुळगुळीत, पाण्यात तरंगल्यासारखं होतं. उपाय आहे: मधलं भरणं बंद करायचं, पवित्रे ठसठशीत करायचे, तळहात आणि चेहरा यांची वेगळी चित्रं काढून ऐन वेळी बदलायची. म्हणजे रिग चांगलं करायलाही चित्रकलाच लागते. नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्याचं रिग ओळखू येतं.

थ्रीडीकडे मी नाक मुरडून गेलो होतो आणि मत बदलून आलो. जपानी 'गिल्टी गिअर' मालिका आधी हातच्या चित्रांची होती. २०१४ च्या 'गिल्टी गिअर एक्सर्ड'मध्ये तिने पात्रं थ्रीडी केली, पण पाहणाऱ्याला ती काढलेलीच वाटतात. त्यांनी मधल्या फ्रेम मुद्दाम गाळल्या, प्रत्येक पवित्रा हाताने बसवला, सावली कुठे पडावी हेही चित्रकाराच्या मर्जीने ठरवलं. 'द किंग ऑफ फायटर्स'ने २०१६ च्या चौदाव्या भागात पिक्सेल-चित्रं, म्हणजे चौकटी भरून काढलेली चित्रं, सोडून थ्रीडी धरलं, ते तेव्हा अनेकांच्या डोळ्याला रुचलं नाही. तंत्र जवळपास तेच, फरक बघणाऱ्या नजरेचा. पात्रं वीस असतील, कॅमेरा फिरवायचा असेल, तर थ्रीडीला पर्याय नाही. एकट्या मुलीच्या एका माणसाच्या गेमला तो घाट घालण्यात अर्थ दिसला नाही. थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडर फुकट आहे, पण शिकण्याचे महिने फुकट नाहीत.

पिक्सेलबद्दल मी पक्षपाती आहे. चौकटी भरण्यात माझं आयुष्य गेलं. ३२ चौकटींच्या उंचीत माणूस बसवणं आणि ग्राफवर मोर बसवणं, काम एकच. 'डेड सेल्स' या गेमवाल्यांनी तर थ्रीडी पुतळे हलवून त्यांची पिक्सेल-चित्रं काढून घेतली, आणि सुरुवातीचं बरंचसं काम एकाच कलाकाराने उरकलं. भाचीला मात्र चौकटी नकोत. तिची रेष वळणदार आहे, तिला ती चौकटीत कोंडायची नाही. विषय संपला.

एआयचं विचारणारच कोणीतरी. दोन मुख्य चित्रं देऊन मधली त्याच्याकडून काढून घेण्याचे प्रयोग आम्ही केले. रेषेची जाडी चित्रागणिक बदलली, एका फ्रेममध्ये बोटं सहा आली. ते सुधारेल. पण स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात जानेवारी २०२४ पासून एआय वापरलं असेल तर तसं सांगावं लागतं, आणि हातकामाच्या नावावर गेम विकायचा असेल तर ती पाटी महागात पडेल.

मग हाताच्या कामाला भवितव्य आहे का? आहे, पण सगळ्या गेमभर पसरलेलं नाही, असं माझं मत. 'सिल्कसाँग' हा हाताने काढलेला गेम २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. उशीर चित्रांमुळेच झाला असं नाही, गेमच वाढत गेला. पण एवढी वाट पाहायला लावून टिकणं ज्यांचा आधीचा 'हॉलो नाइट' जोरात विकला गेला त्यांनाच परवडतं. बाकीच्यांसाठी हातकाम मोक्याच्या जागी बसेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० च्या 'राजी' गेममध्ये हेच केलं: खेळ थ्रीडी, पण गोष्ट सांगायची वेळ आली की सावल्यांच्या बाहुल्या.

नोकरीसाठी विचारत असाल तर उत्तर वेगळं. पुण्या-हैदराबादच्या ज्या जाहिराती मी पाहिल्या त्यांत रिग, युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), थ्रीडी हेच शब्द पुन्हापुन्हा येतात. फ्रेम-फ्रेम काढणारा क्वचित मागतात. सकाळची गाडी पकडून पुण्याला मुलाखतीला जायचं असेल तर झोळीत एक नीट रिग हवंच. इथल्या एका क्लासने लाखभर फी सांगून 'टूडी-थ्रीडी सगळं सहा महिन्यांत' म्हटलं, तेव्हा आम्ही उठलो. चित्रं काढायचं क्रिटा आणि गेम बनवायचं गोडो दोन्ही फुकट आहेत, सराव घरी होतो.

भाचीचं असं ठरलं. काठी चित्रांत नाहीच. ती कोडने झुकेल, कारण तिला प्रत्येक कोनात थांबावं लागतं आणि तेवढे कोन कोण काढत बसणार? गर्दी रिगची: पाच माणसं, कपडे बदलून पन्नास. नंदीध्वज पेलणारा माणूस हाताने, पण अकराऐवजी सहा हालचाली, साठेक चित्रं. आधी महिनाभर तो नुसता राखाडी ठोकळा असेल आणि सगळं खेळून पाहायचं.

काठीची लांबी अजून ठरलेली नाही. ती ठरेपर्यंत पेन कंपासपेटीत, आणि पेटी माझ्याकडे.