क्राकूफची लाकडी चर्चं: एका दिवसात तीनच करा

पोलंडमध्ये क्राकूफला येऊन दीड वर्ष झालं तरी आमची धाव झाकोपाने या डोंगरातल्या पर्यटनाच्या गावापर्यंतच. जुलैत शेवटी गाडी भाड्याने घेतली आणि लाकडी वास्तूंच्या रूटवर निघालो. नुसत्या मावोपोल्स्का भागातच (म्हणजे क्राकूफच्या प्रांतात) हा रूट 1500 किमीच्या वर आहे, त्यामुळे "सगळं करू" हे डोक्यातून काढून टाका. आम्ही लिपनित्सा मुरोवाना, बिनारोवा आणि सेंकोवा केलं (तिन्ही गावांतली चर्चं 2003 पासून युनेस्कोच्या यादीत) आणि घरी यायला रात्रीचे दहा वाजले.

लिपनित्साचं चर्च ओढ्याला लागूनच, 15व्या शतकाच्या शेवटचं. 1997 च्या पुरात वाहून जाऊ नये म्हणून गावातल्या लोकांनी म्हणे ते दोरांनी झाडांना बांधून ठेवलं होतं, मी सांगलीचा, 2019 बघितलेला, त्यामुळे आत जायच्या आधी ओढ्याकडेच बघत बसलो. वेदीवरची मूळ चित्रं तार्नूफच्या म्युझियममध्ये आहेत, इथे नकला आहेत, माहीत असू द्या.

बिनारोवात आमचीच चूक. रविवार होता, आत प्रार्थना चालू, मग बाहेर गवतावर बसून धपाटे खाल्ले. पण नंतर आत गेलो तर भिंती, छत, एक वीत जागा रंगवायची सोडलेली नाही, मान दुखेपर्यंत वर बघत होतो.

सेंकोवा मात्र एक नंबर. साधारण 1520 चं. छप्पर लाकडी फळ्यांचं, कौलांसारखं एकावर एक बसवलेलं, आणि इतकं खाली आलंय की लांबून चर्च कमी आणि टोपी जास्त दिसते. त्या छपराखाली सभोवार पडवी, तिला पोलिशमध्ये सोबोती म्हणजे चक्क "शनिवार" म्हणतात, कारण लांबच्या गावांहून चालत येणारे लोक शनिवारीच पोचायचे आणि रविवारच्या प्रार्थनेसाठी रात्री इथेच पथारी टाकायचे. वारीतल्या मुक्कामासारखंच की. बायको तिथे पाय पसरून बसली ती अर्धा तास उठेना. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या गोर्लित्सेच्या लढाईत सैनिकांनी याच्या फळ्या काढून खंदकांना आणि जाळायला वापरल्या होत्या, नंतर दुरुस्ती झाली. जुनं लाकूड कुठलं नवं कुठलं हे शोधायचा आम्ही बराच प्रयत्न केला, काही कळलं नाही.

तक्रार एकच, वेळा. उन्हाळ्यात बरीच चर्चं ठरावीक तास उघडी असतात, बाकी महिन्यांत दाराला कुलूप मिळू शकतं, आदल्या दिवशी चेक करा. बसने जायच्या भानगडीत पडू नका, अर्धा दिवस स्टॉपवर जाईल. डेम्बनोचं लाकडी चर्चसुद्धा याच दिवशी कोंबू नका, ते पार नोवी तार्गच्या बाजूला आहे.

आणि शाकाहारी असाल तर पिएरोगी रुस्किए (उकडलेल्या करंज्यांसारखा प्रकार) घ्या, आत बटाटा-चीज असतं, पण ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकून आणतात. आमची पहिली प्लेट तशीच परत गेली.