उभ्या कॅम्परची राखण: दोन हिवाळ्यांनंतर

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी मी भाड्याच्या आवारात ठेवलेला आमचा ट्रेलर (कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बघायला गेलो. आमच्या रांगेत सगळीकडे सहा इंच बर्फ होता आणि मधेच एक लांबट, कोरडा चौकोन. तिथे एका बांधकामवाल्याचा पांढरा मालवाहू ट्रेलर असायचा. चौकोनाच्या एका टोकापासून चाकांच्या दोन खुणा थेट फाटकापर्यंत गेल्या होत्या.

शेजारी आमचा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर शाबूत उभा होता. फक्त त्याचं कुलूप तुटून बर्फात पडलं होतं, पुढची बॅटरी नव्हती आणि गॅसच्या दोन्ही टाक्या गायब होत्या. चोरांकडे ओढायला एकच गाडी असावी, एवढंच आमचं नशीब.

आम्ही राहतो मध्य न्यू जर्सीत. आमच्या वसाहतीच्या नियमांनुसार घरापुढे ट्रेलर उभा करायला बंदी आहे. दोन दिवसांच्या वर ठेवलात की पत्र येतं, नंतर दंड. त्यामुळे डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात एका मोकळ्या आवारात जागा भाड्याने घेतली आहे. घरापासून चाळीस मिनिटं. ऑक्टोबरच्या शेवटी पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) भरून ठेवायचा तो एप्रिलमध्येच काढायचा. म्हणजे वर्षातला निम्मा काळ आपली एवढी मोठी वस्तू आपल्या नजरेआड, आणि तिच्या आवाराचा फाटकाचा कोड दोनशे माणसांना ठाऊक. करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की ते जागा भाड्याने देतात, मालाची जबाबदारी घेत नाहीत. सही करताना मी ते वाचलंही होतं. कॅमेरा होता, तो फाटकावर. चित्रण एक आठवडाच राहायचं आणि मी गेलो नवव्या दिवशी.

त्या रविवारनंतर जे जे विकत घेतलं, ते आता चौदा महिने वापरून झालं आहे.

आधी कुलूप. ज्यांनी ट्रेलर कधी ओढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या दांडीच्या टोकाला उपड्या वाटीसारखा कपलर असतो आणि गाडीच्या मागच्या हिचवरचा, म्हणजे ओढायच्या जोडणीवरचा, लोखंडी गोळा त्यात बसतो. गोळ्याची मापं ठरलेली आहेत, आमच्या ट्रेलरला दोन पूर्णांक पाच सोळांश इंचाचा लागतो. कार पळवायची तर इंजिन तरी सुरू करावं लागतं, ट्रेलरला इंजिनच नाही. योग्य मापाचा गोळा लावलेली पिकअप मागे घ्यायची, कपलर खाली टेकवायचा, निघायचं. दिव्यांचा सात पिनांचा प्लग न जोडताही तो ओढता येतो.

माझं पहिलं कुलूप पंचवीस डॉलरचं, 'सगळ्या कपलरना बसणारं'. कपलरच्या पोटात अर्धा गोळा आणि वरून इंग्रजी यू आकाराची दांडी. सगळ्यांना बसणारं म्हणजे कुणालाच घट्ट न बसणारं. दांडी आणि कपलर यांच्यात माझं बोट जाईल एवढी फट होती. जिथे बोट जातं तिथे पहार जाते. अंग ओतीव धातूचं, रंग पिवळाधमक. ते दुरून दिसतं म्हणून चोर बिचकतो असं विक्रेता सांगतो. आमच्याकडे आलेला बिचकला नाही.

आताचं कुलूप म्हणजे जाड पोलादाची पेटी आहे. ती कपलरला सगळीकडून झाकते, पुढचा ओठसुद्धा, आणि आतलं गोल चकतीसारखं कुलूप खोबणीत लपतं, त्यामुळे कटर किंवा पहार लावायला कडीच सापडत नाही. किंमत दीडशे डॉलरच्या वर गेली. हे विशिष्ट आकाराच्या कपलरसाठीच बनवतात, म्हणून घेण्याआधी कपलरच्या पाठीवर ठोकलेला मॉडेल क्रमांक वाचा. मी नुसतं गोळ्याचं माप सांगून मागवलं, ते बसलं नाही, परत पाठवण्यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस ट्रेलर साखळीवर होता.

तक्रारी आहेतच. जड आहे. उणे तापमानात उघड्या हातांनी ते चढवणं म्हणजे शिक्षा. पहिल्याच हिवाळ्यात किल्लीच्या भोकात पाणी जाऊन गोठलं आणि मी लायटरने किल्ली तापवत बसलो. तेल घालू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. कोरड्या टेफ्लॉनचा फवारा मारतो आणि भोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे. त्यानंतर अडकलं नाही. रंग दोन ठिकाणी उडून गंज दिसायला लागला आहे, तो चालेल. आणि एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या: बॅटरीवर चालणारा, धातू कापणारा ग्राइंडर हातात असलेल्या माणसापुढे कोणतंही कुलूप फक्त वेळ मागतं. पंचवीस डॉलरवालं अर्धं मिनिट मागतं, हे कदाचित दहा मिनिटं आणि भरपूर आवाज.

चाक फिरू नये म्हणून त्याला अडकवायच्या क्लॅम्पबद्दल फार लिहीत नाही. नव्वद डॉलर पाण्यात. आमच्या ट्रेलरला एका बाजूला दोन चाकं आहेत. क्लॅम्प एकालाच बसतो आणि ते चाक सहा नटांचं, पान्याने निघतं. थंडीत टायरमधली हवा आक्रसली की क्लॅम्प सैल होऊन कलंडायचा. आता तो गॅरेजमध्ये बर्फ ढकलायच्या फावड्याशेजारी पडून आहे.

त्यापेक्षा आठ डॉलरच्या वस्तूने जास्त फरक पडला. बाहेरून उघडणाऱ्या सामानाच्या कप्प्यांना जी लहान कुलुपं असतात त्यांच्या किल्लीवर बारीक अक्षरात 'सीएच ७५१' कोरलेलं आहे का पाहा. अमेरिकेत वेगवेगळ्या कंपन्यांच्या असंख्य ट्रेलरना वर्षानुवर्षं हीच एक किल्ली लागत आली आहे, आणि ती ऑनलाइन कुणालाही मिळते. मला हे कळलं ते शेजारच्या ट्रेलरवाल्या आजोबांमुळे. त्यांची किल्ली घरी राहिली होती, मी गंमत म्हणून माझी लावून पाहिली आणि त्यांचा कप्पा उघडला. दोघंही क्षणभर एकमेकांकडे बघत राहिलो. चारही कुलुपं बदलली, वेगळ्या क्रमांकाची. स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास लागतो, फक्त कुलपाच्या नळीची लांबी आधी मोजा.

आता ट्रॅकर, म्हणजे ट्रेलर कुठे आहे ते फोनवर कळवणारं यंत्र. हा विषय मला सर्वांत सोपा वाटला होता आणि सर्वांत जास्त डोकं त्यानेच खाल्लं.

पहिली चूक बॅटरीची. ट्रेलरच्या बॅटरीवर जोडायचा ट्रॅकर घ्यायचा विचार होता. पण चोरीनंतर मी लिथियमची बॅटरी घेतली आणि ती हिवाळ्यात घरीच आणतो. तसंही शून्य अंश सेल्सियसच्या खाली तिला चार्ज करू नये. बॅटरी घरी म्हणजे ट्रॅकर मेला. म्हणून स्वतःची बॅटरी असलेला जीपीएस ट्रॅकर घेतला, मोबाइलच्या जाळ्यातून कळवणारा, महिना वीस डॉलर वर्गणी. (जुना, दुसऱ्याने वापरलेला स्वस्तात मिळत असेल तर तो थ्रीजीवाला नाही ना ते बघा. इथलं थ्रीजी २०२२ मध्येच बंद झालं, तो ट्रॅकर म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.)

दुसरी चूक जागेची. त्याची चुंबकाची डबी होती, ती मी सांगाड्याखाली पोलादाला चिकटवली. वरून पोलाद आणि ॲल्युमिनियम, त्यामुळे आकाश दिसेना, ठिकाण कधी समोरच्या शेतात तर कधी नदीत दाखवायचा. आता तो आत, पुढच्या खिडकीजवळच्या प्लायवुडच्या फळीमागे आहे. तिथून बरोबर कळवतो. उभा असताना दिवसातून एकदा, हलला की मिनिटाला एकदा, अशा बेताने एका चार्जिंगवर साधारण चार महिने जातात.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, वारा. डिसेंबरात रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन कोकलला: 'हालचाल.' मी पायजम्यावर जॅकेट चढवून निघालो, बायको मागून म्हणत होती आधी पोलिसांना फोन करा. आवारात पोचलो तर ट्रेलर जागेवर आणि वादळी वाऱ्यात त्याचं पाठीमागचं आच्छादन पतंगासारखं फडफडत होतं. त्या महिन्यात असं तीनदा झालं. मग हालचालीचा इशारा बंद करून कुंपणापलीकडे गेला तरच कळवायचं ठेवलं. झोप लागते, पण आता मला कळेल तेव्हा तो रस्त्यावर असेल. हा सौदा प्रत्येकाने आपापला करावा.

जोडीला ॲपलचा एअरटॅग आहे, एकोणतीस डॉलरचा, वर्गणी नाही. त्याच्या कामाची पद्धत समजून घेतली तर निराशा होत नाही. त्यात जीपीएस नसतं; जवळून जाणारे दुसऱ्यांचे आयफोन त्याची खबर देतात. शेतांच्या मधल्या आवारात हिवाळ्यात कोण फिरतंय? 'काल दिसला' असं वाचायची सवय करून घ्यावी लागते. शिवाय माग काढून कुणाला छळू नये म्हणून तो अनोळखी माणसाच्या फोनवर सूचना देतो आणि मालकापासून बराच वेळ दूर राहून हलवला गेला की आवाज करतो. म्हणजे चोरालाही कळतं. मी तो जेवणाच्या टेबलाच्या बाकाखाली फोमच्या आत शिवून टाकला आहे. शोधायला उस्तवार करावी लागेल. हा जीपीएसला पर्याय नाही, पण ट्रेलर शहरात नेला तर खबर लागेल.

आणि ट्रॅकर वाजलाच तर स्वतः मागे जायचं नाही. आधी तक्रार नोंदवायची, त्यासाठी सतरा अंक-अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, हाताशी हवा. माझा त्या जानेवारीत नव्हता. तो ट्रेलरच्या अंगावर होता आणि कागद ट्रेलरच्या कपाटात. आता फोटो फोनमध्ये आहेत आणि तोच क्रमांक ट्रेलरमधल्या पलंगाखाली, कपाटाच्या मागच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलाय. विमा होता, पण बॅटरी आणि टाक्यांची किंमत विमा मिळण्याआधी पदरचे भरायच्या पाचशे डॉलरच्या आतच बसली, त्यामुळे हाती शून्य. टाक्या आता दर ऑक्टोबरला घरी येतात. त्या घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायच्या नाहीत, मागच्या अंगणात उघड्यावर उभ्या ठेवतो.

सर्वांत उपयोगी उपाय मात्र मी विकत घेतला नाही, तो वाळवा तालुक्यातून आला. चोरीनंतरच्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे आले होते. आयुष्यभर ऊस कारखान्याला घातलेला माणूस. त्यांना मी कौतुकाने नवं कुलूप दाखवलं. त्यांनी ते वाकून पाहिलं, ट्रेलरला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जावईबापू, कुलूप झ्याक हाय. पर ह्याचं त्वांड रस्त्याकडं कशाला ठेवलंय? आमच्याकडं ट्रॉलीची पिन काढून घरात ठेवत्यात आन् दांडी भिताडाला लावत्यात."

मी हसलो. गावाकडे रिकामी ट्रॉली चार माणसं ढकलतात, इथे पाच हजार पौंडांचा ट्रेलर. गाडीने नेऊन दांडी भिंतीला लावली तर गाडीच मधे अडकेल. पण रात्री विचार करत बसलो तेव्हा आठवलं, आवारात ट्रेलर सरकवायची एक बॅटरीवाली डॉली आहे. कमरेएवढी उंच, पट्ट्यांवर चालणारी, माणूस चालत चालत चालवतो. व्यवस्थापकाला विचारलं. कोपऱ्यातली जागा, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीला दांडी, डॉलीचे एका वेळचे चाळीस डॉलर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं लावलं. दांडी आणि भिंत यांच्यात चार फूट. त्यात डॉली शिरते, पिकअप शिरत नाही.

तोटाही मोठा आहे. डॉली व्यवस्थापकाच्या ताब्यात आणि तो शनिवारी दुपारी बाराला घरी जातो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मनात आलं आणि निघालो, हे संपलं. ऐन हंगामात हे परवडत नाही, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर आम्ही पूर्वीसारखा तोंड बाहेर करून ठेवतो आणि नुसत्या कुलपावर भिस्त ठेवतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा चोर आले. पुढच्या रांगेतल्या तीन ट्रेलरची कुलुपं फोडली, एक नेला. माझ्या कुलपावर ओरखडा नाही. भोकावरचा ट्यूबचा तुकडासुद्धा तसाच, वर बर्फाचा थर. कुलूप बघून ते मागे फिरले, की भिंत बघून कुलपापर्यंत आलेच नाहीत, हे सांगता येणार नाही. बर्फात पावलांच्या खुणा होत्या त्या माझ्या ट्रेलरच्या मागच्या टोकापर्यंत येऊन वळल्या होत्या. त्यावरून मी माझा अंदाज बांधला आहे, आणि सासऱ्यांना फोनवर सांगितला तेव्हा त्यांनी विषय पावसाकडे वळवला.

आता ट्रॅकरची वर्षाची वर्गणी भरायची वेळ आली आहे. वर्षभराची भरणार नाही. एप्रिल ते ऑक्टोबर, तोंड बाहेर असतं तेवढे महिने घेईन. हिवाळ्यात भिंत आणि बाकाखालचा एअरटॅग पुरे. क्लॅम्प कुणाला हवा असेल तर फुकट देतो, किल्ल्या दोन्ही आहेत.