अंगणातले दोन बुडखे काढून घेतले: तीन गडी, दोन दिवस, सात हजार रुपये

सांगलीत शामरावनगरात आमच्या घरापुढं तीस बाय बावीस फुटांचं अंगण आहे आणि माझा धंदा त्या अंगणावर चालतो. होळीपासून वैशाख संपेपर्यंत मी कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस करून विकते. मदतीला चार बायका येतात. 14 बाजांवर वाळवण पडतं आणि त्यासाठी सकाळी नऊ ते चार सलग ऊन आणि सपाट जागा लागते. त्या अंगणाच्या मधोमध गेलं दीड वर्ष गुलमोहराचा बुडखा होता आणि मोरीच्या कोपऱ्यात मेलेल्या माडाचा दुसरा. गेल्या हंगामात चार बाजा कमी बसल्या. कुरडयांच्या गरम चिकाचं पातेलं घेऊन येताना आमची एक बाई मुळाला अडखळली, तिचा पाय भाजला. तेव्हाच ठरवलं की पुढच्या होळीआधी हे निघालंच पाहिजे. फेब्रुवारीत दोन्ही मुळासकट काढून घेतले. ज्यांनी काढले त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मी विचारत फिरत होते तेव्हा ‘जेसीबी बोलवा’ याच्यापुढं कुणी काही सांगत नव्हतं.

गुलमोहर सासऱ्यांनी लावलेला. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीतही ते दिवसच्या दिवस उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर झाड रस्त्याकडं कललं. गुलमोहराची मुळं खोल जात नाहीत, वरच्यावर लांब पसरतात, त्यामुळं वादळात तो आडवा व्हायला वेळ लागत नाही. पुढं दरवर्षी वळवाच्या वाऱ्यात तो थोडा थोडा विजेच्या तारांकडं झुकत गेला. शेवटी ह्यांनी महापालिकेत अर्ज केला, माणसं येऊन बघून गेली, परवानगी मिळाली, मगच तोडलं. घरच्या आवारातलं असलं तरी शहरात झाड तोडायला परवानगी लागते, 1975 पासून तसा कायदा आहे. माडाचं दुखणं वेगळं होतं. त्याला सोंड्या भुंग्यानं आतून पोखरलं होतं. शेंडा मान टाकून पडला तेव्हा आम्हाला कळलं.

तोडणाऱ्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती कुठल्याही झाडाला लागू आहे म्हणून सांगते. त्यानं गुलमोहर अगदी जमिनीलगत कापला. मला वाटलं, वा, किती नीट कापलंय. ‘राहिलेलं आपोआप कुजतंय, काकू,’ म्हणून लाकूड आणि पैसे दोन्ही घेऊन तो गेला. दोन महिन्यांत बुडख्याच्या कडेनं लालसर कोंब फुटले. मी ते मोडत राहिले, ते येत राहिले.

मग जो तो उपाय सांगायला लागला. एक म्हणाला भोकं पाडून मीठ भर, दुसरा म्हणाला मोरचूद घाल, तिसरा म्हणाला हिंग, चौथा म्हणाला डिझेल ओतून पेटवून दे. मी यातलं काही केलं नाही. मिठानं माती नासते, तिथं पुन्हा काही उगवत नाही. मोरचूद मातीत साठून राहतं आणि माझ्या अंगणात लोकांच्या तोंडात जाणारे पदार्थ वाळतात. पेटवलेलं मूळ जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसतं, वर राख गार दिसते आणि पाय ठेवला की आत निखारा. मी फक्त भोकं पाडून त्यात शेण आणि आंबट ताक घालत गेले, वर ओलं गोणपाट. वर्षभरात वरचं चार बोटं लाकूड मऊ पडलं. खालचं जसंच्या तसं, आणि मऊ झालेल्या लाकडाला वाळवी लागली. दिवाळीची साफसफाई करताना उंबऱ्याजवळ, चौकटीच्या खालच्या टोकाला तिची मातीची नळी दिसली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सागवानी चौकट आहे, सासऱ्यांनी करून घेतलेली.

जेसीबीवालाही येऊन गेला. आमचं गेट सात फुटी, मशिन त्याहून रुंद. तो म्हणाला, कंपाउंडची भिंत दहा फूट पाडू, काम अर्ध्या तासाचं आहे. भिंत परत कोण बांधणार, अंगणाखालून जाणारा मोरीचा पाइप फुटला तर काय, याला उत्तर नव्हतं. मोकळ्या प्लॉटवर त्याच्यासारखं काम कुणी करणार नाही हे मान्य. घराला लागून असलेल्या अंगणात मात्र त्याला बोलावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही माणसं मला माझ्या गिऱ्हाईक बाईंकडून कळली. मिरजेच्या पुढच्या खेड्यातली, तिघं जण: पन्नाशीचे मामा, त्यांचा भाचा आणि आणखी एक पोरगा. दुकान नाही, पाटी नाही, एक मोबाइल नंबर. विहिरीतला गाळ काढणं, मोटारी बसवणं, बुडखे उपटणं अशी कामं करतात. बघायला म्हणून मामा एकटे आले आणि मला त्यांची पहिली गोष्ट आवडली ती ही, की त्यांनी बुडख्याकडं बघायच्या आधी जमीन बघितली. नळ कुठून येतो, मोरीचं पाणी कुठं जातं, मीटरची केबल वरून की खालून, पुरानंतर भराव टाकलाय का, सगळं विचारलं. मग पिशवीतून टोकाला धार केलेली हातभर लांब सळई काढली आणि बुडख्याभोवती टोचत फिरले. मलाही टोचून बघायला लावली. सळई सरळ रुतली तर माती, अडून जराशी दबली तर मूळ, आणि टक्कन वाजली तर दगड नाहीतर पाइप. दहा मिनिटांत त्यांनी चुन्यानं सात रेघा मारल्या, सात मोठ्या मुळांच्या. एक सरळ धुण्याच्या दगडाखाली गेलेली, एक मोरीच्या सिमेंटच्या पाइपाला घासून.

मग म्हणाले, ‘काकू, कापणाऱ्यानं घात केलाय बघा. तीन-चार फूट खोड वर ठेवलं असतं तर त्यालाच धरून हलवता आलं असतं. आता हात घालायला जागाच नाही.’

ज्याला बुडखा काढायचा आहे त्यानं झाड तोडतानाच हे सांगावं. उंच ठेवलेलं खोड म्हणजे तरफेचा दांडा. जमिनीलगत कापलं की तो दांडा गेला आणि कामाचा एक दिवस वाढला.

आदल्या संध्याकाळी पाण्याची नळी सोडून जागा भिजवून ठेवायला सांगितली होती. आपली काळी माती वाळली की दगडासारखी, टिकाव उडतो. फार भिजली की फावड्याला चिकटून बसते. म्हणून संध्याकाळी तासभर पाणी आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी आठला बुडख्यापासून दोन हात सोडून गोल चर खणायला घेतला, अडीच फूट खोल. टिकाव फक्त वरच्या थराला, नंतर कुदळ, आणि मुळाजवळ आल्यावर तर हातानं माती काढून पाण्याच्या धारेनं मूळ धुऊन घ्यायचे. कारण विचारलं तर भाच्यानं लाकूड कापायच्या कटरची चेन दाखवली. मातीचा एक खडा लागला की धार गेली. म्हणून मूळ स्वच्छ झाल्यावरच कटर आणि जिथं माती निघत नाही तिथं कुऱ्हाड. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडलं, एकदा बुडख्याजवळ आणि एकदा चराच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे मधला तुकडा उचलून बाहेर काढता येतो आणि पुढच्या मुळापर्यंत हात पोचतो.

मी मुळं अशी कधी बघितली नव्हती. बुडख्यापाशी ती गोल नव्हती, उभ्या फळीसारखी चपटी. कापलेल्या जागी लाकूड पांढरट, ओलं, दीड वर्षानंतरही जिवंत. कोंब का थांबत नव्हते ते तेव्हा समजलं. पाइपाजवळचं मूळ मामांनी कुणाला हात लावू दिलं नाही. स्वतः पोटावर झोपून, साध्या हातकरवतीनं पाऊण तास कापत बसले. मूळ सुटल्यावर पाइपावरून हात फिरवून तडा नाही ना ते बघितलं आणि मलाही वाकून बघायला लावलं.

दुसऱ्या दिवशी उचलणं. लोखंडी पाइपांची तिवई बुडख्यावर उभी केली, पायांखाली फळ्या, आणि वरून चेन कुप्पी, म्हणजे जड वजन उचलायची साखळीची कप्पी, लटकवली. मी म्हटलं, भिंतीतल्या खांबाला बांधून ओढा की, लवकर होईल. मामा म्हणाले, ‘खांब येईल, बुडखा न्हाई येणार.’ आडवं ओढण्यापेक्षा सरळ वर उचललेलं बरं, म्हणजे भार तिवईच्या तीन पायांवर जातो आणि भिंतीला धक्का नाही. आधी छिन्नी आणि घणानं बुडख्याचे उभे दोन भाग केले. पहिला अर्धा भाग साखळीला लागला, भाचा एकेक कडी ओढत होता, आणि मामा खड्ड्यात कान देऊन बसले होते. कुठून तरी कटकट आवाज आला की ‘थांब’, मग तिथं कुऱ्हाडीचे दोन घाव, मग पुन्हा साखळी. चौथ्या-पाचव्या वेळी खालून ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज झाला आणि बुडखा वर आला, खाली काळी माती लटकलेली. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झाड त्यांच्या वडिलांचं होतं. मामांनी कटर बंद केला आणि पाच मिनिटं सगळे नुसते उभे राहिले. त्यांना मुद्दाम कुणी सांगितलं नव्हतं.

माडाचा बुडखा दोन तासांत निघाला. त्याला सोटमूळ नसतं, जाडजूड मुळं नसतात, करंगळीएवढ्या शेकडो मुळ्या चारी बाजूंनी सुटलेल्या असतात. त्या कुदळीनं तुटतात, कटरचं काम नाही, आणि माडाचं बाहेरचं लाकूड कटरची धार खाऊन टाकतं. गाभा कुजून भुसा झाला होता आणि त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वळलेल्या अळ्या होत्या, वीसेक तरी. मामा म्हणाले, ह्या गेंड्या भुंग्याच्या, तो सोंड्याहून वेगळा. कुजलेला माड आणि शेणखताचा खड्डा ही त्याची अंडी घालायची जागा, तिथून मोठा झाला की दुसऱ्या माडांच्या शेंड्यात शिरतो. शेजारी दोन फळते माड आहेत. आम्ही दीड वर्ष त्यांच्या मुळावर उठलो होतो म्हणायचं. अळ्या समोरच्या घरच्या कोंबड्यांनी पाच मिनिटांत संपवल्या.

पैसे दोन्ही बुडख्यांचे मिळून सात हजार ठरले, हजार आधी, बाकी काम झाल्यावर. त्यात कटरचं पेट्रोल आलं, चहा-जेवण आमच्याकडं. दुपारी पिठलं-भाकरी, चारला चहा आणि भडंग. मी घासाघीस केली नाही. तीन माणसं, दोन पूर्ण दिवस, आणि ज्यानं पाइप वाचवला त्याच्याशी पाचशेसाठी काय बोलायचं?

उणं आहे तेही सांगते. मंगळवारी येतो म्हणाले आणि शुक्रवारी आले, मधे फोन नाही. माझ्या गव्हाचा तीन दिवसांचा भिजवणा तोवर आंबून पुढं गेला, तो टाकावा लागला. लाकूड घेऊन जाऊ असं ठरलं होतं, पण गुलमोहराचा ओला बुडखा आठ दिवस गेटजवळ पडून होता, तीन वेळा फोन केल्यावर छोटा हत्ती टेम्पो आला. आणि माडाच्या खड्ड्यात माती एकदमच लोटली, थर देऊन चोपली नाही. पाणी मारल्यावर तिथं वीतभर खड्डा पडला, मला अर्धी ट्रॉली मुरूम टाकावा लागला. गुलमोहराच्या जागी मात्र त्यांनी अर्धा-अर्धा फुटाचा थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस, असं नीट केलं होतं आणि वर अर्धा फूट उंचवटा ठेवला होता. तो आता बरोबर सपाटीला आलाय. लांबची मुळं जमिनीतच आहेत, ती कुजतील तशी माती आणखी बसेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

कापताना निघालेला भुसा मी खड्ड्यात टाकायला निघाले होते. मामांनी अडवलं. ‘ओला भुसा मातीचा कस खातोय, दोन वर्षं तिथं झाड पिवळं राहील.’ भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. तोच वरून आच्छादन म्हणून घातला तर चालतो, म्हणून परसातल्या कढीपत्त्याच्या आळ्यात पसरलाय. जोत्याकडं पहिला पावसाळाभर लक्ष ठेवा असंही सांगून गेलेत. झाड रोज पाणी ओढायचं ते थांबलं, आणि आपली माती पाणी प्याली की फुगते. भिंतीला नवी भेग दिसली तर फोन करा म्हणाले. चौकटीची वाळवी सुताराकडून तपासून घेतली, फक्त खालचं दोन बोटं टोक गेलं होतं, तेवढं बदललं.

त्यांना बोलवायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा. पावसाळ्यात ते येत नाहीत, चर पाण्यानं भरतो. तारीख देतील त्यावर तीन दिवस धरून चाला. नंबर मी इथं टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. शामरावनगरात किंवा शंभर फुटी रोडला राहत असाल तर दुपारी घरी या, देते. अंगणात सध्या 16 बाजा आहेत, वाळवण ओलांडून यावं लागेल.