जंगी पलटणीचं नाव घेऊन आलेला फोन

माजी सैनिकाच्या घरी मयत झालं की पहिल्या पंधरवड्यात एक फोन येऊ शकतो. आमच्या घरी आला आणि काकूंचे दोन लाखांहून जास्त रुपये घेऊन गेला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं घरटी एक फौजी असलेली गावं आहेत आणि त्या घरांतून पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत. त्यांच्या घरात मोबाइल ज्याच्या हातात असतो, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

माझे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, १ मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. हीच जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात पलटण लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली पूर्व पाकिस्तानात जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री जमालपुरातली पाकिस्तानी फौज वेढा फोडून ढाक्याकडं निसटायला बघत होती आणि मराठ्यांनी ती वाट सोडली नाही. आप्पा त्या रात्रीबद्दल फार बोलायचे नाहीत. बोलले तर थंडीबद्दल आणि परत न आलेल्या सोबत्यांबद्दल. शेती थोडी, मुलं दोन. पेन्शनीतून त्यांनी पोरांची शिक्षणं केली, दोन बहिणींची लग्नं उभी केली आणि गावातल्या किती पोरांचे भरतीचे फॉर्म स्वतः भरून दिले. १५ ऑगस्टला शाळेत झेंड्यापाशी मेडल लावून ताठ उभे राहायचे. अशा माणसाच्या नावावर दरोडा पडला, याचा संताप मला आजही आवरत नाही.

आप्पा गेले तेव्हा पोरांनी चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला आणि पेपरात निधनवार्ता दिली. त्यात हुद्दा, पलटण, जमालपूर, दशक्रियेचा दिवस आणि संपर्कासाठी थोरल्या चुलतभावाचा मोबाइल नंबर, सगळं होतं. आमच्याकडं सगळेच असं छापतात. चोराला तेवढं पुरलं.

दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. "माताजी, रामराम. बेळगाव रेकॉर्डमधून सुभेदार बोलतोय. साहेब जंगी पलटणीचे, जमालपूरला होते. आमच्यासाठी ते देव." रेकॉर्ड म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणारं फौजेचं ऑफिस. पलटणीचं नाव ऐकून काकूंना रडूच कोसळलं. पुढं तो माणूस आधी पैशाचं बोललाच नाही. जेवता का, झोप लागते का, मुलं जवळ आहेत का, असली विचारपूस त्यानं केली. मग हळूच विषय काढला: आप्पांचा ओआरओपीचा, म्हणजे 'एक हुद्दा, एक पेन्शन'चा फरक अडकलाय, साडेचार लाखांच्या वर आहे आणि फॅमिली पेन्शनही सुरू होत नाहीये, कारण रेकॉर्डला तुमच्या नावात गडबड दिसतेय.

ही नावाची गोष्ट नीट समजून घ्या, सगळी मेख तिथंच आहे. साठ-सत्तरच्या दशकात जवानानं बायकोचं नाव रेकॉर्डला कळवलं ते कुणी माहेरचं, कुणी सासरचं, कुणी हाक मारायचं. जन्मतारीख अंदाजानं. पुढं आधार कार्ड निघालं त्यावर तिसरंच काही. निम्म्या घरांत हा घोळ सापडेल. त्यामुळं "नावात गडबड दिसतेय" हे अंधारात मारलेलं वाक्यसुद्धा बरोबर लागतं. काकूंचं नाव खरोखरच जुळत नव्हतं, त्यांनी दोन्ही नावं आपणहून सांगितली आणि त्याला हवं ते मिळालं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर तीन सिंहांचा शिक्का असलेलं पत्र आलं. दुरुस्तीची फी म्हणून साडेनऊ हजार. ते भरल्यावर फरकावरचा टीडीएस म्हणून अठ्ठेचाळीस हजार, "नंतर परत मिळतील". दोन्ही रकमा यूपीआयवर, खासगी माणसाच्या नावानं. मध्ये भावानं जरा का-कू केली तेव्हा आवाज बदलला: आप्पा गेल्यावरही या महिन्याची पेन्शन खात्यात आली आहे, ती तुम्ही वापरली तर गुन्हा दाखल होतो. घर घाबरलं. शेवटी 'स्पर्श'चं, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलचं, अ‍ॅप म्हणून एक फाइल पाठवली, मोबाइलमध्ये टाकायला लावली आणि त्याच रात्री आप्पा-काकूंच्या जॉइंट खात्यातले एक लाख साठ हजार तुकड्या-तुकड्यांनी गेले. ओटीपी कुणी विचारलासुद्धा नाही. त्या फाइलमुळं मेसेज परस्पर पलीकडं वाचले जात होते.

तो जे जे बोलला त्यातलं खोटं कुठं होतं, ते मी नंतर एकेक शोधून काढलं.

ओआरओपीचा फरक ही खरी गोष्ट आहे, म्हणूनच ती विकली जाते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये वेळापत्रक घालून दिलं: फॅमिली पेन्शनवाल्यांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत एकरकमी, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जून २०२३ पर्यंत आणि बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत हप्त्यांनी. आप्पांचा फरक त्यांच्या हयातीतच पासबुकात जमा झालेला होता. खात्याची जुनी पानं उघडली की दिसतो.

पन्नास टक्के पेन्शन बसवून देतो, असंही तो म्हणाला होता. निवृत्त सैनिकाच्या पत्नीला ५० टक्के दरानं फॅमिली पेन्शन मिळते ती पती गेल्यापासून ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तिथपर्यंत, यांतलं जे आधी संपेल तोवर. आप्पा पंचाहत्तरीच्या पुढं होते. काकूंना साधी, म्हणजे ३० टक्क्यांची पेन्शन लागू. तिची किमान मूळ रक्कम ९,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. यात कुणाच्या ओळखीनं एक रुपया वाढत नाही.

मृत्यूनंतर जमा झालेल्या पेन्शनचा प्रश्न खरा असतो, पण तो हिशेब सरकार आणि बँक खात्यातूनच वळता करून घेतात. यूपीआयवर मागत नाहीत. शिवाय रेकॉर्ड ऑफिसकडं पैशाचा व्यवहारच नसतो. तिथं नोंदी असतात. पेन्शनची मंजुरी प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून येते आणि रक्कम थेट खात्यात पडते.

गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना आम्ही फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते म्हणाले, "फौजेत साहेब म्हणतात ते अफसराला आणि जेसीओला, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना. हवालदार त्याखालचा. सुभेदार हवालदाराला साहेब म्हणेल का? आणि हा सर्व्हिस नंबर तुम्हाला विचारतोय. खऱ्या रेकॉर्डवाल्याच्या पुढ्यात तो आधीच असतो." हे दोन मुद्दे मला सगळ्यात मोलाचे वाटतात. फौजी घरातल्या पोराबाळांना ते ठाऊक हवेत.

सकाळी भावानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. रात्रीत रक्कम बऱ्याच पुढं गेली होती, तरी चाळीसेक हजार एका खात्यात गोठवता आले. ते सोडवून घ्यायला वकील धरला आहे. बाकीच्या पैशांचा पत्ता नाही. बँकेनं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं: चूक त्रयस्थाची असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार नाही, पण ग्राहकाच्याच हातून वाट मोकळी झाली असेल तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. दुखवट्यातल्या सत्तरीच्या बाईला फसवलं जातं याला निष्काळजीपणा म्हणायचं हे मला मान्य नाही, आणि तसं आम्ही लेखी कळवलं आहे.

खरं काम झालं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तिथल्या कल्याण संघटकांनी मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, काकूंचं आधार, पॅन आणि पासबुक एवढं मागितलं. दोन नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करून नावाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव त्यांच्यामार्फत रेकॉर्डला गेला. दुरुस्त पीपीओ निघाला, 'स्पर्श'वर नोंद झाली आणि आप्पा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची पेन्शन फरकासह खात्यात आली. स्टँप आणि झेरॉक्सचा खर्च सोडला तर काही लागलं नाही. वेळ लागला, चकरा झाल्या.

पती हयात असतानाच बायकोचं नाव आणि जन्मतारीख पीपीओशी, आधारशी ताडून बघा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. सही करायला माणूस समोर असतो तेव्हा हे काम फार सोपं असतं. 'स्पर्श'चं कामकाज स्पर्श डॉट डिफेन्सपेन्शन डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पत्त्यावर चालतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल म्हणजे 'स्पर्श' नव्हे. निधनवार्तेत पलटण जरूर लिहा, तो त्या माणसाचा मान आहे, पण मोबाइल नंबर देऊ नका. आणि पीपीओचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

काकूंनी परवा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला दिला. सोबत भाऊ गेला होता. अंगठा लावायच्या आधी त्यांनी खिडकीतल्या मुलाला स्वतः विचारलं, "याचे पैसे कुणाला द्यायचे असतात का रे?" तो म्हणाला, "नाही आजी." मग त्यांनी अंगठा लावला.